सकाळचा भाव

सहाला रेडिओ आधी वारा सांगतो, मग भाव.
वायव्येकडून, लाटा दोन फुटी,
आणि आपला डॉलर त्यांच्या त्र्याहत्तर सेंटांना.
मी खडूने फळ्यावर लिहिते,
न्याहारीच्या खाली, जळवांच्या दराच्या वर.
रेयो डब्यात जळवा मोजता मोजता विचारतो, "किती?"
ऐकून नुसता हुं म्हणतो,
पाण्याची खोली कळल्यावर
त्याचा बाप म्हणायचा तसा.

आमचा धंदाच उफराटा.
देशाचं नाणं बुडालं की आमची केबिनं भरतात.
फोर्ट फ्रान्सिसच्या पुलावरून रांगेने येतात
आयोवाच्या गाड्या, मागे बोटी,
बोटींत बिअर, गळ, नवे जावई.
"तुमच्याकडे सगळं कसं स्वस्त!" म्हणत
ते दुसऱ्यांदा पाय मागवतात,
आणि मी ब्लूबेरीचा तुकडा मुद्दाम मोठा कापते.
स्वस्त असण्याचाही एक पाहुणचार असतो,
तो मला चांगला जमतो.

मग ते वर्ष आलं, दोन्ही डॉलर खांद्याला खांदा लावून उभे.
टोरंटोतून बहिणीचा फोन आला,
म्हणाली, आइली, अभिमान वाटतो गं.
मी खिडकीतून धक्क्याकडे पाहत होते.
चौदा केबिनं, त्यातली पाच उघडलेली.
शरदात मूसच्या शिकारीला
चौघं यायचे ठरलेले, आला एकच,
तोही गुडघा दुखतो म्हणून
तीन दिवस चुलीपाशी पत्ते खेळला
आणि माझ्याकडून अकरा डॉलर जिंकून गेला.
कुठले डॉलर, ते त्या वर्षी
विचारायचीही गरज नव्हती.

हर्मन कोपनेस आमचा वाटाड्या.
वॉलाय कुठल्या खडकाच्या सावलीत बसतो
हे त्याला त्याच्या आजीने सांगितलेलं,
आणि आजीला कुणी, ते तो सांगत नाही.
बक्षिशीच्या हिरव्या नोटा तो मोडत नाही.
तपकिरीच्या डब्यात दाबून ठेवतो,
चाळीस घोड्यांच्या इंजिनासाठी.
इंजिन बनतं विस्कॉन्सिनमध्ये,
त्याची किंमतही पूल ओलांडून येते.
आपलं नाणं पडलं, की पाहुणे येतात, डबा भरतो,
आणि दुकानातल्या चिठ्ठीवरचा आकडा
डब्याच्या दोन बोटं वर जातो.
नाणं चढलं, की इंजिन हाताशी येतं,
पण बोटीत बसायला माणूस नाही.
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.
जुनं इंजिन अजून खोकत चालतं,
हर्मन त्याला त्याच्या भाषेत काहीतरी म्हणतो,
शिवी असावी. इंजिन ऐकतं.

त्याच रिकाम्या वर्षी त्याने
एका डॉलरच्या नाण्याला भोक पाडलं,
लून पक्ष्याच्या डोळ्यातूनच,
कडी अडकवली, तिहेरी गळ लावला.
रेयो म्हणाला, सरकारी नाणं आहे, गुन्हा ठरेल.
हर्मन म्हणाला, बुडवतोय तर सगळेच,
मी निदान दोरीला बांधून बुडवतोय.
त्या नाण्याला बारा पौंडी पाइक लागला.
बँकेत कधी एवढं व्याज मिळालं नव्हतं.

काल डेल व्हॅन झी आला, एकविसावा उन्हाळा.
भाऊ पेलामध्येच राहिला, हृदयाची गोळी बदललीय.
दोघांचे पैसे त्याने एकट्याने भरले,
मी परत करू लागले तर म्हणाला,
राहू दे, भाव चांगला आहे.
दुपारी बेटावर चरबीत मासे तळताना
त्याची नजर हर्मनच्या पेटीत गेली.
"हे केवढ्याला देशील?"
हर्मनने तव्यातला तुकडा उलटवला.
"आजच्या भावाने," म्हणाला, "की त्या वर्षीच्या?"
डेल हसला नाही. कॅप काढून
बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला.
लांब कुठेतरी खरा लून ओरडला,
मग तळलेल्या कांद्याचा वास आला
आणि आम्ही जेवायला बसलो.

संध्याकाळी परतले तेव्हा फळ्यावर
ओल्या हाताचा कुणाचा तरी फराटा होता.
त्र्याहत्तरमधला सात उरला होता फक्त.
मी तो तसाच ठेवला.
सकाळी रेडिओ आहेच.